भिंतीवरील फुलपाखरे आणि दारातील परका

पेडणे व डिचोली या तालुक्यांत धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या काही बंधुभगिनींनी मध्यंतरी आम्हांस एक प्रश्न विचारला. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी सार्वजनिक भिंतींवर रंगविलेल्या चित्रांची छायाचित्रे त्यांच्या पाहण्यात आली होती. अशा चित्रांत नारिंगी-काळ्या पंखांच्या फुलपाखरांचा थवा उडत जाताना दाखवितात, आणि फुलपाखरांच्या स्थलांतराचे निमित्त करून माणसांच्या देशांतराविषयी काही सांगतात. आपल्या मुलांकडून असे एखादे चित्र प्रार्थनामंदिराच्या किंवा शाळेच्या आवारभिंतीवर करवून घ्यावे काय, आणि घेतल्यास त्यामागील ख्रिस्ती अर्थ त्यांना कसा समजावून द्यावा, असा तो प्रश्न होता.

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. गोव्यात 'गोंयकार' आणि 'भायलो' हे दोन शब्द आज बाजारात, पंचायतीत, आणि खेदाने सांगावे लागते की प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवरही ऐकू येतात. अशा ठिकाणी स्थलांतराचे चित्र काढणे म्हणजे नुसती भिंत सजविणे नव्हे. ते एक विधान आहे, आणि विधान करण्यापूर्वी ते खरे आहे की नाही हे पाहणे धर्मशिक्षकाचे कर्तव्य होय. म्हणून या लेखात आम्ही प्रथम या चित्रांचा उगम व फुलपाखरांविषयीची वस्तुस्थिती सांगू, नंतर ही उपमा कोठवर उपयोगी पडते व कोठे थांबते हे पाहू, आणि शेवटी पेडणे-डिचोलीच्या भिंतीवर काय यावे याचा विचार करू.

१. चित्राचा उगम

अमेरिकेतील चित्रांत दिसणाऱ्या त्या फुलपाखराचे नाव 'मोनार्क', म्हणजे सम्राट. कॅनडा, संयुक्त संस्थाने आणि मेक्सिको या तिन्ही देशांत त्याचा संचार असतो, व सीमेवर त्यास कोणी अडवीत नाही. लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांवाचून अमेरिकेत आलेल्या आणि तेथेच वाढलेल्या तरुणांनी हे फुलपाखरू आपली खूण म्हणून स्वीकारले. फाव्हियाना रॉड्रिगेझ या कॅलिफोर्नियातील चित्रकर्तीच्या भित्तिपत्रकांमुळे गेल्या दशकाच्या प्रारंभी ही खूण सर्वत्र पसरली, आणि पुढे अनेक शाळांतील मुलांनी ती आपापल्या भिंतींवर आणली. चित्रामागील युक्तिवाद साधा आहे : जाणे-येणे हा सृष्टीचाच धर्म आहे, मग माणसाचे जाणे-येणे तेवढे गुन्हा कसा ठरावा?

हा युक्तिवाद मनाला भिडणारा आहे. परंतु तो तपासण्यापूर्वी फुलपाखरू खरोखर काय करते, ते पाहिले पाहिजे.

२. फुलपाखरांचे स्थलांतर

मोनार्कचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. शरद ऋतूत कॅनडाच्या दक्षिण भागातून व संयुक्त संस्थानांच्या पूर्वेकडील प्रदेशांतून निघून ही फुलपाखरे मध्य मेक्सिकोतील सुमारे ३,००० मीटर उंचीच्या पर्वतांवर येतात. काहींचा प्रवास ४,००० किलोमीटरांपर्यंत होतो. तेथील देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांना ती लक्षावधींच्या संख्येने लगडून बसतात आणि थंडीचे महिने काढतात. सूर्याच्या स्थानावरून ती दिशा ओळखतात. सूर्य दिवसभर सरकत असतो, तेव्हा वेळेचा हिशेब ठेवणारे एक अंतर्गत घड्याळ त्यांच्या स्पर्शिकांत असते, असे संशोधकांस आढळले आहे.

कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट व त्यांच्या पत्नी नोरा यांनी अनेक दशके फुलपाखरांच्या पंखांवर चिमुकल्या चिठ्ठ्या लावून त्यांचा माग काढला. हजारो स्वयंसेवकांनी त्यांना साहाय्य केले. अखेर जानेवारी १९७५ मध्ये केन ब्रगर व काताॅलिना आग्वादो या त्यांच्या सहकाऱ्यांना मेक्सिकोतील ते रान सापडले. 'सापडले' असे आपण म्हणतो खरे. त्या पर्वतांच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतेच. फुलपाखरे तेथे पोहोचतात ती नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे ज्या दिवसांत ख्रिस्तसभा परलोकवासी भाविकांचे स्मरण करते त्याच दिवसांत. म्हणून ती परत आलेल्या मृतांचे आत्मे होत, अशी तेथील लोकांत समजूत आहे.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, जे फुलपाखरू दक्षिणेस जाते ते संपूर्ण फेरा पुरा करीत नाही. उन्हाळ्यातील फुलपाखरांचे आयुष्य काही आठवड्यांचेच असते. दक्षिणेस जाणारी पिढी मात्र सात-आठ महिने जगते, आणि वसंतात उत्तरेकडे थोडी वाटचाल करून, अंडी घालून मरते. उरलेला मार्ग तिची मुले, नातवंडे व पतवंडे पुरा करतात. पुढील शरद ऋतूत त्याच रानात येणारे फुलपाखरू ते रान पूर्वी कधी पाहिलेले नसते.

दुसरी गोष्ट अशी की, मोनार्कची अळी रुईच्या कुळातील विशिष्ट वनस्पतींचाच पाला खाते. त्या वनस्पतींच्या चिकातील विष तिच्या अंगी भिनते व पक्ष्यांपासून तिचे रक्षण करते. वाटेवरील शेतांतून त्या वनस्पती तणनाशकांनी नाहीशा केल्या, तर फुलपाखराचे पंख कितीही बळकट असोत, त्याचा वंश खुंटतो.

३. सह्याद्रीतील प्रवासी

आपल्या मुलांना केवळ परदेशी फुलपाखरू शिकविण्याचे कारण नाही. मोनार्कच्याच गणगोतातील चार जाती दक्षिण भारतात मोठ्या संख्येने स्थलांतर करतात : 'ब्लू टायगर', 'डार्क ब्लू टायगर', 'कॉमन क्रो' व 'डबल-ब्रँडेड क्रो'. पहिल्या दोहोंच्या काळसर पंखांवर फिकट निळे पट्टे व ठिपके असतात, तर उरलेल्या दोन गडद तपकिरी असून त्यांच्या पंखांच्या कडेस पांढरे ठिपके असतात. पुण्याच्या मातीत वाढलेले फुलपाखरांचे अभ्यासक डॉ. कृष्णमेघ कुंटे यांनी या हालचालींचा पद्धतशीर अभ्यास करून २००५ साली तो प्रसिद्ध केला. नैर्ऋत्य मोसमी पाऊस येण्यापूर्वी, एप्रिल ते जून या काळात, ही फुलपाखरे सह्याद्रीतून पूर्वेकडील कोरड्या मैदानांकडे निघतात, आणि पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास त्यांचे थवे पुन्हा सह्याद्रीकडे येतात. घाटमाथ्यावरील धो धो पाऊस त्यांच्या प्रजननास मानवत नाही. पूर्वेकडील मध्यम पावसात मात्र त्यांच्या अळ्यांना कोवळा पाला मिळतो. तात्पर्य, हे स्थलांतर पावसामुळे घडते, आणि पावसाचे नाव काढले की कोकण-गोव्याच्या मुलाला काही निराळे समजावून सांगावे लागत नाही.

रुईच्या झुडपावर मुलांना एक नारिंगी फुलपाखरू नेहमी दिसते. त्यास पाहून ती 'मोनार्क, मोनार्क' म्हणतील. तो मोनार्क नव्हे, त्याचा येथील चुलतभाऊ 'प्लेन टायगर' होय. ही चूक सुधारताना धर्मशिक्षकाने मुलांना रुईच्या पानाखालची पट्टेदार अळी अवश्य दाखवावी.

याहून दूरचा प्रवासी म्हणजे पावसाच्या अखेरीस आपल्या शेतांवर घिरट्या घालणारा पिवळसर चतुर. तो फुलपाखरू नव्हे, परंतु त्याची वाट गोव्याच्या माणसाला परिचित आहे. मालदीव बेटांवर राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली असे मांडले की, या जातीचे लक्षावधी चतुर ईशान्य वाऱ्यांच्या आधारे भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. झांझिबार, मोंबासा, नैरोबी ही नावे आमच्या किती घरांतील जुन्या पत्रांवर आहेत! त्याच वाऱ्याने तारवे गेली आणि त्याच समुद्रावरून आगबोटी गेल्या.

४. उपमेतून काय घ्यावे

पवित्र शास्त्राच्या प्रकाशात पाहिले असता या वस्तुस्थितीतून तीन बोध घेता येतात.

पहिला बोध पिढ्यांविषयी आहे. जो निघतो तोच पोहोचतो असे नाही. मिसर देशातून बाहेर पडलेल्या पिढीतील बहुतेक लोक रानातच निवर्तले, व वचनदत्त भूमीत त्यांच्या मुलांनी पाऊल ठेवले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहामादी पूर्वजांविषयी हेच सांगितले आहे की, त्यांनी वचनाची फलप्राप्ती दुरून पाहिली, आणि आपण पृथ्वीवर परके व प्रवासी आहोत असे मान्य केले. आखातात उमेद घालविलेला बाप आणि त्याच्या पैशांवर शिकलेली मुलगी यांना हा अध्याय निराळ्या रीतीने वाचता येतो.

दुसरा बोध पानाविषयी आहे. स्थलांतर केवळ उडणाऱ्याच्या बळावर होत नाही. वाटेत कोठेतरी मुळे रोवून उभे असलेले एक झाड लागते. पाहुणचार करणारा हा स्थिर असतो. म्हणून गावात राहणाऱ्याचा धर्म प्रवाशाच्या धर्माहून कमी नाही. मम्रेच्या एलोन झाडांजवळ तंबूच्या दारात बसलेल्या अब्राहामाने तीन अनोळखी माणसांना पाणी, सावली व भाकर दिली. आपण कोणाचे स्वागत करीत आहोत हे त्यास आरंभी ठाऊक नव्हते.

तिसरा बोध ख्रिस्तसभेच्या स्वरूपाविषयी आहे. इब्री भाषेत परक्या रहिवाशास 'गेर' असा शब्द आहे. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना आज्ञा करतो की, अशा परक्याला देशातील माणसासारखेच मानावे व त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. ग्रीक भाषेत परक्या ठिकाणी तात्पुरत्या राहणाऱ्यास 'पारोइकोस' व त्याच्या त्या वस्तीस 'पारोइकिया' म्हणत. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांनी हाच शब्द स्वतःस लावून घेतला. त्यापासून लॅटिनमार्गे पोर्तुगीज 'पारोकिया' व इंग्रजी 'पॅरिश' हे शब्द आले. ज्यास आपण धर्मग्राम म्हणतो, त्याच्या मूळ नावाचा अर्थ 'परक्यांची वस्ती' असा आहे. तेव्हा 'आमच्या पॅरिशमध्ये बाहेरचे लोक फार झाले' ही तक्रार शब्दार्थाने पाहिली तर चमत्कारिकच म्हटली पाहिजे.

५. उपमा कोठे थांबते

इतके सांगितल्यावर आम्ही धर्मशिक्षकांना सावध करू इच्छितो. कोणतीही उपमा एका मर्यादेपर्यंतच चालते, आणि ही मर्यादा न दाखविता मुलांच्या हाती कुंचला दिला तर चित्र सुंदर होईल, पण खोटे होईल.

फुलपाखरास कर्ज नसते. त्याला कोणी मुकादम आगाऊ रक्कम देऊन बांधून ठेवीत नाही, त्याची मजुरी अडवीत नाही, त्याच्या मुलाचे नाव शाळेच्या पटावरून गळत नाही. फुलपाखरू पावसामुळे निघते. माणूस मात्र पुष्कळदा दुसऱ्या माणसांच्या कृतीमुळे निघतो, आणि त्या कृतीस न्याय-अन्यायाचे मोजमाप लागू होते. 'हा तर सृष्टीचा नियम' असे म्हणून आपण स्थलांतरास निसर्गावर सोपविले, तर ज्यांनी त्याला घराबाहेर काढले त्यांना आपण नकळत दोषमुक्त करतो.

दुसरे असे की, फुलपाखरू मुके व देखणे असते. ते आपल्याजवळ काही मागत नाही, म्हणून त्याचे स्वागत करणे सोपे असते. परका माणूस पाणी मागतो, भाड्याची खोली मागतो, आपल्याहून निराळ्या भाषेत प्रार्थना करतो. तो देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेला आहे. तो सुंदर किंवा उपयुक्त आहे म्हणून नव्हे, तर या प्रतिरूपामुळे त्यास प्रतिष्ठा आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारला जाणारा प्रश्न परक्या माणसाला घरात घेतले की नाही, असा आहे. त्याचे चित्र काढले की नाही, असे तेथे विचारलेले नाही.

तिसरे, गावकऱ्याच्या मनातील भय हेही खरे असते. जमिनी विकल्या जात आहेत, भाडी वाढत आहेत, आपली भाषा मागे पडत आहे, असे पेडण्यातील माणूस म्हणतो तेव्हा त्यास निर्दय ठरवून मोकळे होणे योग्य नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक श्रद्धाग्रंथात (परिच्छेद २२४१) दोन्ही बाजू मांडल्या आहेत : संपन्न राष्ट्रांनी शक्य तितक्या प्रमाणात परक्यांना आश्रय द्यावा, राज्यकर्त्यांना समाजहितासाठी त्यावर अटी घालता याव्यात, आणि येणाऱ्याने आश्रय देणाऱ्या देशाचे कायदे व वारसा यांचा आदर करावा. मात्र जमिनीचे मोठे व्यवहार करणारा आणि त्या जमिनीवर विटा वाहणारा हे दोघेही 'भायले' म्हणून एकाच शब्दात बसविणे हा अन्याय होय. राग पहिल्याचा आणि शिव्या दुसऱ्याला, असे पुष्कळदा घडते.

येथे आमचीच एक चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेस झारखंडकडील एक बांधकाम मजूर, त्याची पत्नी व दोन मुले मंदिराच्या अगदी मागे उभी होती. पुढे बाक रिकामे होते. उपासनेनंतर त्याने हिंदीत विचारले की, पापनिवेदनास केव्हा येऊ? गर्दी होती, पाहुणे थांबले होते. 'सण होऊ दे, मग ये' असे आम्ही त्यास सांगितले. सण झाला, आणि त्यांचे कामही दुसरीकडे गेले. तो बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य होता. आमच्या दाराशी तो उभा राहिला तो कामासाठी किंवा जागेसाठी नव्हे, तर ज्यावर त्याचा आमच्याइतकाच हक्क होता त्या संस्कारासाठी. पुढे पुष्कळ दिवस पवित्र कुटुंबाच्या मिसरातील पलायनाचा पाठ वाचताना आम्हांस ते कुटुंब आठवत असे.

६. पेडणे-डिचोलीच्या भिंतीवर काय यावे

मग भिंतीवर काय काढावे? आमच्या मते, कुंपण ओलांडणारी परदेशी फुलपाखरे उसनी घेण्याऐवजी मुलांनी आपल्याच भूमीची वाट काढावी. ही भूमी जाणाऱ्या-येणाऱ्यांचीच आहे.

आरंभ नार्वे येथून करावा, आणि तो नम्रतेने करावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे मंदिर पाडले गेले, आणि भाविकांनी आपले दैवत नदीपलीकडे डिचोली भागात नेले. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. डिचोली व पेडणे हे मुलूख पोर्तुगीजांकडे गेले ते १७८१ ते १७८८ या काळात, तोवर जुन्या काबिजादींतून निघालेल्यांना येथे आसरा होता. ज्या सत्तेने त्यांना घालविले तिच्या हाती क्रूस होता, हे आपण मुलांपासून लपवू नये. शेजारच्या हिंदू मुलाला ही गोष्ट त्याच्या आजीकडून कळलेली असते, आपल्या मुलाला ती आपल्याकडून कळावी. नदी ओलांडणारी एक होडी भिंतीच्या आरंभी असली, तर पुढील सर्व चित्रास खरेपणा येईल.

त्यानंतर ख्रिस्ती माणसाचे जाणे यावे. सतराव्या शतकात बारदेश-साष्टीतून अनेक कुटुंबे कानडा मुलखात गेली. पुढे मुंबईत धोबीतलाव, माझगाव येथे गावोगावच्या 'कुडी' उभ्या राहिल्या. बोटीवर चाकरी शोधणारा तरुण तेथे आपली पेटी ठेवी, आणि सायंकाळी सर्वजण मिळून रोझरी म्हणत. या कुडी म्हणजे परक्या शहरातील 'पारोइकिया'च होत्या. नंतर पूर्व आफ्रिका, मग आखात आले. १९९० साली इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा हाती लागेल ते घेऊन परतलेल्या भारतीयांत गोव्याचीही माणसे होती.

आता एक गोष्ट अशी आहे की, जी आम्ही धर्मशिक्षकांना आवर्जून सांगू. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील बुश्टन गावचे. १५७९ साली ते गोव्यात आले, साष्टीत राहिले, परक्या भाषेत लीन होऊन त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचा मराठी ग्रंथ लिहिला. तो १६१६ साली रायतूर येथे छापला गेला, आणि १६१९ साली ते याच भूमीत निवर्तले. मराठीतून प्रभूचे चरित्र गाणारा आमचा आद्य कवी हा आप्रवासी होता. आज पोर्तुगीज पारपत्र घेऊन इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती स्विंडन शहरात आहे. हे स्विंडन विल्टशायरमध्येच असून बुश्टनपासून काही मैलांवर आहे. चारशे वर्षांपूर्वी तेथून एक जण येथे आला व आमचा झाला. आज आमची मुले तेथे जातात, आणि तेथील लोक त्यांना 'बाहेरचे' म्हणतात. मोपाजवळ राहणाऱ्या ओडिशाच्या मजुराला आपण ज्या स्वरात बोलतो, त्याच स्वरात स्विंडनमधील आपल्या भाच्याशी कोणी बोलावे काय, हा प्रश्न प्रवचनात एकदा विचारून पाहावा.

शेवटी आजचे चित्र यावे. डिचोलीतील खाणी २०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये बंद पडल्या, तेव्हा ट्रकचालकांना व यंत्रांवरील कामगारांना पोटासाठी दुसरी वाट शोधावी लागली. मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्यापायी काही धनगर कुटुंबांना वस्ती सोडावी लागली, आणि बांधकामावर राबणारे अनेक हात परप्रांतांतून आले होते. घर सोडलेला आणि घर सोडून आलेला अशा दोघांनाही त्या एकाच पठाराने पाहिले. २०२० सालच्या टाळेबंदीत श्रमिकांसाठीच्या विशेष गाड्या गोव्यातूनही सुटल्या. तेव्हा हे लोक आपल्यात किती होते, ते प्रथमच आपल्या डोळ्यांस दिसले.

७. विद्यार्थ्यांकडून भित्तिचित्र कसे करवावे

कार्यपद्धतीविषयी काही सूचना करून हा लेख पुरा करतो.

पाहणे आधी, काढणे नंतर. गोवा विद्यापीठातील मारियो मिरांडा यांच्या नावाच्या अध्यासनावर असताना चित्रकार ओरिजीत सेन यांनी विद्यार्थ्यांसह म्हापशाच्या बाजाराचा चित्रमय अभ्यास केला होता. बाजारात हिंडून, विकणाऱ्यांशी बोलून, मग कागदावर रेषा ओढायची, अशी ती रीत होती. आपल्या मुलांनीही प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे : आपल्या घरातून कोण, केव्हा, कोठे गेले, आणि तेथे त्यांना पहिला आसरा कोणी दिला? मग वाड्यावरील भाडेकऱ्यांच्या मुलांना हाच प्रश्न विचारावा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहिली की निम्मे धर्मशिक्षण झाले.

साधने येथलीच घ्यावीत. कोकण-गोव्याच्या जुन्या मंदिरांवर 'कावी' नावाची भित्तिकला दिसते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा थर देतात आणि तो ओला असतानाच अणकुचीदार अवजाराने कोरून खालचा पांढरा रंग उघडा करतात. जाणता कारागीर मिळाल्यास मुलांना ही रीत अवश्य शिकवावी. तांबडा व पांढरा असे दोनच रंग असल्याने पंखांच्या झगमगाटाऐवजी आकृतीकडे लक्ष जाते. गोव्यात वर्षास सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा पागोळ्यांखालची कोरडी भिंत निवडावी. काम नोव्हेंबरमध्ये सुरू करावे. तेव्हा हवा कोरडी असते, सह्याद्रीची फुलपाखरे परतत असतात, आणि ख्रिस्तसभा आपल्या मृतांचे स्मरण करीत असते. परक्या मुलखात मरण पावलेल्यांची नावे त्या महिन्यात मुलांना विचारता येतील. सार्वजनिक भिंत असल्यास पंचायतीची परवानगी घ्यावी.

परक्याच्या मुलास विषय करू नये, चित्रकार करावे. त्याचा चेहरा ओळखू येईल असा भिंतीवर काढून त्यास गावासमोर उभे करण्यापेक्षा, त्याच्या हाती अवजार द्यावे व त्याला काय काढावेसे वाटते ते काढू द्यावे. त्याने फुलपाखराऐवजी आपल्या गावचे मोहाचे झाड काढले तर ते राहू द्यावे. गोव्याच्या भूमिपुत्राच्या, हिंदू शेजाऱ्याच्या आणि मजुराच्या मुलांचे हात एकाच भिंतीवर चालले, तर चित्र कसेही उतरो, हेतू साध्य झाला असे समजावे.

येथे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे स्मरण होते. सांत इस्तेव येथे जन्मलेल्या या भाविक कलावंताने पवित्र मरियेला साडी नेसवून चित्रित केले. गोव्यातील ख्रिस्ती समाजास ते रुचले नाही, आणि त्यांना आपले आयुष्य पुण्यातील ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात घालवावे लागले. ज्याने मरियेला आपल्या घरची केली, त्याला आपण घराबाहेर ठेवले. भिंत रंगविताना हे विसरू नये.

धर्मशिक्षकांच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर विचार व्हावा :

(१) आपल्या धर्मग्रामात परप्रांतांतून आलेली किती कॅथलिक कुटुंबे आहेत, आणि त्यांतील किती जणांची नावे आपणांस ठाऊक आहेत?

(२) त्यांच्या मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण यांची तयारी कोण, व कोणत्या भाषेत करून घेतो?

(३) त्यांना समजेल अशा भाषेत निदान महिन्यातून एकदा पवित्र मिस्सा व पापनिवेदन यांची सोय करता येईल काय?

(४) गावकऱ्यांची जी भीती खरी आहे, ती ऐकून घेण्यासाठी आपण काय करतो?

या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर भिंत खुशाल रंगवावी. उत्तरे मिळण्यापूर्वी रंगविली, तर येणारा परका फुलपाखरांकडे पाहील, आत डोकावेल, आणि पूर्वीप्रमाणेच मागे उभा राहील. १९५२ साली परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी स्थलांतरितांविषयीच्या आपल्या आज्ञापत्राच्या आरंभी नाझरेथच्या पवित्र कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. त्या कुटुंबाला मिसर देशात कोणी तरी दार उघडले असेल. त्याचे नाव शुभवर्तमानात नाही. आमच्या धर्मशिक्षकांनी त्या निनावी यजमानाचे काम करावे, आणि मग मुलांनी त्याचेही एक चित्र भिंतीवर काढावे, एवढेच आमचे सांगणे आहे.